हर्शेल गॉर्डन लुईस आणि त्याचे रक्तपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, परभणी, लातूर, नांदेडकडची शॉर्टफिल्म करणारी मुलं, नाट्यशास्त्राचे विद्यार्थी आणि रात्री मोबाईलवर भयपट बघून सकाळी शंका विचारणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एका जागी केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे दिलेलं असेल तिथे तो क्रमांक सांगितला आहे. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, खाचाखोचा पुढे येतात.

१. हा लुईस नेमका कोण? नाव कधी ऐकलं नाही.

अमेरिकन निर्माता-दिग्दर्शक. जन्म १५ जून १९२६, पिट्सबर्ग. मृत्यू २६ सप्टेंबर २०१६, फ्लोरिडात, वयाच्या नव्वदाव्या वर्षी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पत्रकारिता शिकला, काही काळ कॉलेजात शिकवलं, रेडिओ-टीव्हीत काम केलं आणि १९५० च्या दशकात शिकागोत जाहिरातींच्या धंद्यात शिरला. तिथून सिनेमात. १९६० ते १९७२ या काळात त्याने तीसहून जास्त चित्रपट केले, तेही एकाही मोठ्या स्टुडिओचा पैसा न घेता. १९६३ च्या 'ब्लड फीस्ट'मुळे त्याला 'गॉडफादर ऑफ गोअर' म्हणतात. गोअर म्हणजे कापाकापी आणि रक्तमांस उघड दाखवणारा सिनेमा.

तो जाहिरातवाला होता हे ध्यानात ठेवा. खालची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात.

२. एक्स्प्लॉयटेशन फिल्म म्हणजे शोषणपटच ना?

शब्दकोशात तसं सापडेल, पण धंद्यात त्या शब्दाचा अर्थ वेगळा होता. हॉलिवूडमध्ये 'एक्स्प्लॉयटेशन' म्हणजे सिनेमाची जाहिरातबाजी: पोस्टर, मिरवणुका, थिएटरबाहेरच्या करामती. नट नाही, पैसा नाही, स्टुडिओचं नाव नाही, अशा सिनेमाकडे विकायला एवढीच गोष्ट उरते. मग मोठे स्टुडिओ दाखवू शकत नाहीत असं काहीतरी शोधायचं आणि तेच पोस्टरवर टाकायचं. नग्नता, नशा, मोटारसायकल टोळ्या, रक्त. विषय बदलत गेले, हिशेब तोच राहिला. 'शोषण' हा अर्थही अगदीच चुकीचा नाही, त्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

३. 'ब्लड फीस्ट'मध्ये असं आहे तरी काय?

मायामीत फुआद रामसेस नावाचा एक आचारी आहे. लग्नकार्याच्या, वाढदिवसाच्या ऑर्डरी घेणारा. तो इश्तार देवीचा भक्त असतो आणि तिच्या भोजनासाठी तरुणींना मारून त्यांचे अवयव गोळा करतो. एक श्रीमंत बाई मुलीच्या पार्टीसाठी 'इजिप्शियन' जेवणाची ऑर्डर देते, आणि पोलिसांना दोन अधिक दोन चार करायला पाऊण सिनेमा लागतो. लांबी ६७ मिनिटं.

चित्रपटात इश्तारला इजिप्तची देवी म्हटलंय. ती मेसोपोटेमियाची. ही चूक दर दोन महिन्यांनी कुणीतरी नव्याने शोधून पाठवतं. बरोबर आहे, चूकच आहे.

अभिनय शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आसपासचा. तरीही हा सिनेमा इतिहासात आहे, कारण यात कॅमेरा वळत नाही. तोवरच्या बहुतेक भयपटांत सुरा उगारला की पडद्यावर किंकाळी, मग सावली, मग प्रेत. इथे सुरा चालतो ते आणि नंतर हातात काय उरतं ते, दोन्ही दिसतं आणि रंगीत दिसतं. ६ जुलै १९६३ ला इलिनॉयमधल्या पिओरिया गावच्या ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे गाडीत बसून बघायच्या उघड्या थिएटरात (प्रश्न ११), तो पहिल्यांदा लागला.

४. खर्च किती आला होता? आपल्या पैशात सांगा.

खर्चाचा नेहमी दिला जाणारा आकडा २४,५०० डॉलर. तेव्हा एक डॉलर ४.७६ रुपयांना होता, म्हणजे साधारण १ लाख १६ हजार रुपये. उत्पन्न लाखो डॉलरमध्ये गेलं. नेमक्या आकड्यावर फार वाद घालू नका, कारण अशा सिनेमांचे हिशेब गावोगावच्या वितरकांच्या वहीत असत आणि त्या वह्या निर्मात्याला दाखवण्यासाठी नसत.

पैसा वाचला कुठे? ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. ६७ मिनिटांच्या तयार सिनेमाला ६,०३० फूट लागतात. एका शॉटचे सरासरी दहा टेक घेतले की कच्ची फिल्म साठ हजार फुटांवर जाते, दोन-तीन टेकमध्ये भागवलं तर बारा ते अठरा हजारांत काम होतं. नट वाक्य अडखळत का होईना पूर्ण बोलला की लुईस पुढच्या शॉटला लागे. कॅमेरा तोच चालवी, संगीतही त्याचंच. त्याच्या सिनेमात जो खडबडीतपणा दिसतो तो बहुतेक ठिकाणी या हिशेबाचाच आहे. शैली वगैरे शोधत बसू नका.

५. रक्तासाठी काय वापरलं होतं?

तेव्हा बाजारात मिळणारं नाटकाचं रक्त काळ्या-पांढऱ्या सिनेमासाठी केलेलं असे. पडद्यावर राखाडीची योग्य छटा आली की झालं, खरा रंग जांभळट असला तरी कुणाला कळत नसे. रंगीत फिल्मवर तो जांभळटपणा उघडा पडला. म्हणून लुईसने फ्लोरिडातल्या कोरल गेबल्स इथल्या बारफ्रेड लॅबोरेटरीजकडून नवं रक्त बनवून घेतलं. त्याचा पाया होता काओपेक्टेट, म्हणजे जुलाबावरचं औषध.

हे ऐकून लोक हसतात, पण निवड डोक्याने केलेली आहे. त्या औषधात केओलिन ही पांढरी माती आणि पेक्टिन असे. मातीमुळे द्रव अपारदर्शक होतो आणि रंग फिका पडत नाही, पेक्टिनमुळे घट्टपणा येतो. शिवाय नटाच्या तोंडात गेलं तरी चालतं. खरं रक्तही अपारदर्शकच असतं. नुसत्या सरबतासारखं पारदर्शक लाल पाणी कपड्यावर पडलं की रूह अफजा सांडल्यासारखं दिसतं, ते याचमुळे.

६. आम्हाला शॉर्टफिल्मसाठी असं रक्त घरी करायचंय. प्रमाण सांगा.

औषधं वापरू नका, गरज नाही. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानात सगळं मिळेल. साधारण अर्धा लिटरचं प्रमाण:

लिक्विड ग्लुकोज ५०० ग्रॅम, कोमट पाणी १०० मिली, खाण्याचा लाल रंग एक छोटा चमचा, कोको पावडर दोन छोटे चमचे, कॉर्नफ्लोअर एक छोटा चमचा, निळा खाण्याचा रंग काडीच्या टोकावर येईल एवढाच.

लाल रंग घेताना 'टोमॅटो रेड' मागा. 'रासबेरी रेड' घेतला तर रक्त गुलाबी होतं. कोको, कॉर्नफ्लोअर आणि लाल रंग आधी कोरडेच एकत्र करा, मग दोन-तीन चमचे पाणी घालून गुठळ्या मोडा. उरलेल्या पाण्यात ग्लुकोज सैल करून घ्या आणि त्यात ही पेस्ट मिसळा. मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळा. उकळी आणू नका, पाक झाला तर गार झाल्यावर तार सुटते आणि रक्त चिक्कीसारखं ओढलं जातं. निळा रंग सगळ्यात शेवटी. जरा जास्त झाला की वांगी रंग येतो आणि मागे फिरता येत नाही.

तपासायचं कसं? पांढऱ्या ताटलीवर एक चमचा ओता आणि ताटली उभी धरा. ओघळ सावकाश उतरला आणि मागे लाल थर राहिला तर जमलं. मागे ताटलीचा पांढरा रंग दिसायला लागला तर कॉर्नफ्लोअर कमी पडलंय.

मराठवाड्यात नेहमी येणाऱ्या अडचणी: पहिली मुंग्या. शेतात जमिनीवर पडलेल्या नटाच्या गळ्याला ग्लुकोज लावून वीस मिनिटं लायटिंग करत बसलात तर तो खरोखर ओरडेल. रक्त सगळ्यात शेवटी लावा. दुसरी ऊन. एप्रिल-मे मध्ये उघड्यावर वरचा थर लवकर सुकून चकाकी जाते, पाण्याची फवारणी जवळ ठेवा. तिसरी, कॉर्नफ्लोअरमुळे हे मिश्रण उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतं. रोजचं रोज करा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. चौथी, डाग. पांढऱ्या कपड्यावरचा रंग पूर्ण जात नाही. कपड्यावर टाकायच्या रक्तात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घातले तर धुताना बराच निघतो, पण ते रक्त तोंडाजवळ न्यायचं नाही, बाटली वेगळी आणि तिच्यावर चिठ्ठी. एकाच सदऱ्याचे किमान तीन नग घ्या. पहिला टेक बिघडणार हे धरून चला.

७. एवढं करून पण आमचं रक्त मोबाईलवर गुलाबी दिसतंय. कामून?

तीन कारणं असतात. रंग चुकीचा (प्रश्न ६). उजेड चुकीचा: स्वस्त एलईडी बल्बांच्या प्रकाशात गडद लाल कमी असतो, म्हणून लाल वस्तू मेल्यासारखी दिसते. किंवा मोबाईलने स्वतःच व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवायचं सेटिंग, बदललं, कारण फ्रेममध्ये अचानक खूप लाल आलं.

दिवसा खिडकीच्या उजेडात शूट करा, व्हाइट बॅलन्स ५००० ते ५६०० केल्विनला पक्का करा आणि एक्स्पोजर थोडं खाली आणा. लाल रंग लवकर 'फुटतो', मग त्यातला खोलगटपणा जाऊन सपाट डाग उरतो. नंतर एडिटिंगमध्ये तो परत येत नाही. नेमका कपडा, नेमकी जागा, नेमकी वेळ घेऊन आदल्या दिवशी दहा सेकंदांची चाचणी करा.

८. लुईस खरं मांस वापरायचा म्हणे. आम्ही खाटकाकडून आणलं तर?

वापरायचा. 'ब्लड फीस्ट'मधल्या जीभ उपटण्याच्या दृश्यात मेंढीची जीभ आहे. फ्लोरिडाच्या उकाड्यात तिचं काय झालं असेल याची कल्पना करा, आणि मग बीडच्या मे महिन्याची करा.

आमचं मत: आणू नका. बाहेर ४२ अंश असताना कलेजी दोन तासांत वास मारते, माशा येतात, नटांच्या तोंडाला लागलं तर आजारपण, आणि गावात कुणी बघितलं की 'हे कशाचं मांस' हा प्रश्न शूटिंगपेक्षा मोठा होतो. पावाचे तुकडे प्रश्न ६ च्या रक्तात भिजवून पिळले की मांसाचा पोत येतो. आतड्यांसाठी पातळ सुती कापडाची सुरळी, कातड्यासाठी फेव्हिकॉलचा वाळलेला पापुद्रा कापडावर. पापुद्रा थेट त्वचेवर वाळवू नका, केस उपटले जातात आणि पुरळ उठतं.

९. त्या काळच्या अमेरिकेत सेन्सॉर नव्हतं का? हे सुटलं कसं?

आपल्यासारखं एकच केंद्रीय सेन्सॉर नव्हतं. मोठ्या स्टुडिओंनी स्वतःसाठी एक संहिता केली होती, प्रॉडक्शन कोड. तिचा शिक्का नसलेला सिनेमा मोठ्या थिएटर साखळ्या घेत नसत. पण तो बेकायदा ठरत नसे. लुईसला त्या थिएटरांची गरजच नव्हती, त्याचं गिऱ्हाईक ड्राइव्ह-इनला होतं. काही राज्यांची, शहरांची आपापली मंडळं होती. १९५२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सिनेमाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिल्यावर त्यांचे हात ढिले पडत गेले.

त्यातही एक फट होती. बहुतेक नियम नग्नता आणि लैंगिकतेला धरून लिहिलेले होते. आतडी बाहेर काढलेली दाखवायची की नाही यावर कुणी कलम केलंच नव्हतं, कारण असं कुणी दाखवेल असं वाटलंच नव्हतं. वयोगटाची अमेरिकन रेटिंग पद्धत आली नोव्हेंबर १९६८ मध्ये.

ब्रिटनमध्ये उलटं झालं. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेटवरून तिथे गदारोळ उठला तेव्हा खटल्यास पात्र 'व्हिडिओ नॅस्टी' यादीत वीस वर्षं जुना 'ब्लड फीस्ट' होता. तिथे तो विनाकट मंजूर व्हायला २००५ उजाडलं.

१०. डेव्हिड फ्रीडमन कोण? सगळीकडे जोडीने नाव येतं.

लुईसचा निर्माता-भागीदार (१९२३–२०११). जत्रेच्या धंद्यातून आणि पॅरामाउंटच्या प्रसिद्धी खात्यातून आलेला, त्यामुळे तिकीट विकण्याची कला त्याला दोन्ही टोकांनी माहीत. 'ब्लड फीस्ट'च्या प्रेक्षकांना ओकारीसाठी कागदी पिशव्या वाटण्याची करामत त्याच्या नावावर आहे. सारासोटा शहरात त्याने प्रसिद्धीसाठी स्वतःच्याच सिनेमावर मनाई हुकूम मिळवला आणि मग तो खरा हुकूम त्यालाच आवरेना, असं सांगतात. गावजत्रेत दोन तोंडांच्या वासराच्या तंबूबाहेर भोंग्यावर ओरडणारा माणूस आठवा. आत काय आहे यापेक्षा बाहेर काय ओरडलं यावर गल्ला ठरतो, हे फ्रीडमनला पक्कं ठाऊक होतं.

'ब्लड फीस्ट' (१९६३), 'टू थाउजंड मॅनिअॅक्स!' (१९६४) आणि 'कलर मी ब्लड रेड' (१९६५) हे तीन रक्तपट दोघांचे. त्यानंतर पैशांच्या वादातून जोडी फुटली आणि फ्रीडमन कॅलिफोर्नियाला गेला.

११. ड्राइव्ह-इन म्हणजे आपल्या जत्रेतल्या तंबू टॉकीजसारखंच का?

गिऱ्हाईक बघितलं तर बरंचसं. मोकळी जागा, स्वस्त तिकीट, सिनेमापेक्षा बाहेर पडण्याला महत्त्व. गाडीत बसून बघायचं, आवाज छोट्या स्पीकरमधून. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत चार हजारांवर ड्राइव्ह-इन होते आणि त्यांना रात्रीचे दोन-तीन सिनेमे लागत. मोठे स्टुडिओ एवढा माल पुरवत नव्हते, भाडंही जास्त मागत. ती पोकळी लुईससारख्यांनी भरली.

खरं साम्य वितरणात आहे आणि ते मराठवाड्याला लवकर कळेल. लुईसचे सिनेमे 'स्टेट्स राइट्स' पद्धतीने जात. पूर्ण देशाचे हक्क एकाला न देता प्रदेशागणिक वेगळ्या वितरकाला विकायचे. आपल्याकडची टेरिटरी पद्धत हीच. हिंदी सिनेमाच्या नकाशात पश्चिम महाराष्ट्र बॉम्बे सर्किटमध्ये, विदर्भ सीपी बेरारमध्ये आणि मराठवाडा अजूनही 'निझाम'मध्ये धरतात. निझामाचं राज्य १९४८ ला गेलं, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, फिल्मवाल्यांच्या वहीत मात्र हैदराबाद सुटलं नाही.

या पद्धतीत निर्माता कुठे मार खातो? टक्केवारीवर सिनेमा दिला की गल्ल्याचा खरा आकडा कळत नाही. ठरावीक रकमेवर दिला की सिनेमा चालला तरी वरचे पैसे वितरकाचे. शिवाय दोन सिनेमांच्या खेळात टक्केवारी पहिल्याला मिळे, जोडीच्या सिनेमाला किरकोळ ठोक भाडं. म्हणून लुईस शक्यतो जोडीचा सिनेमाही स्वतःचाच देई. त्यातून काय विचित्र माल तयार झाला, ते प्रश्न २० मध्ये.

१२. त्याचे सगळे सिनेमे रक्ताचेच आहेत का?

नाही. रक्तपट मूठभरच आहेत. सुरुवात नग्नतेच्या विनोदी सिनेमांपासून झाली. 'द अॅडव्हेंचर्स ऑफ लकी पिअर' (१९६१) साडेसात हजार डॉलरमध्ये केलेला. मग न्यूडिस्ट कॅम्पचे, म्हणजे उघड्या अंगाने राहणाऱ्यांच्या वसाहतींचे सिनेमे. अशा सिनेमांची गर्दी वाढून भाव पडला, तेव्हा 'स्टुडिओ दाखवू शकत नाही असं आणखी काय' या प्रश्नाचं उत्तर म्हणून रक्त आलं. नंतर दारूच्या भट्ट्यांचे ग्रामीण सिनेमे, मोटारसायकलवाल्या बायकांचा 'शी-डेव्हिल्स ऑन व्हील्स' (१९६८), आणि चक्क लहान मुलांचे दोन: 'जिमी, द बॉय वंडर' (१९६६) आणि 'द मॅजिक लँड ऑफ मदर गूज' (१९६७). रविवारी दुपारच्या खेळाला मुलांचा माल लागतो, एवढंच कारण.

१३. एकच बघायचा असेल तर कोणता?

'टू थाउजंड मॅनिअॅक्स!'. लुईसलाही आपल्या सिनेमांत तोच आवडे. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने कापून काढलेलं दक्षिणेतलं एक गाव शंभर वर्षांनी जत्रा भरवतं, आणि वाट चुकलेल्या उत्तरेच्या पाहुण्यांना 'सन्मानाने' बोलावतं. गावकरी हसत, गात, बँजो वाजवत माणसं मारतात. खिळे ठोकलेल्या पिंपात माणूस घालून टेकडीवरून सोडण्याचा प्रसंग याच सिनेमातला. फ्लोरिडातल्या सेंट क्लाउड गावात शूटिंग झालं आणि गर्दीत गावातलेच लोक आहेत. शीर्षकगीत लुईसचं, आवाजही त्याचाच.

पुढे जायचं असेल तर 'ब्लड फीस्ट' आणि मग 'द विझर्ड ऑफ गोअर' (१९७०). 'अ टेस्ट ऑफ ब्लड' (१९६७) जवळपास दोन तासांचा आहे, धीर असेल तरच.

१४. खरं सांगा, दिग्दर्शक म्हणून तो चांगला होता का?

नव्हता. फोकस जातो, संवाद ढेपाळतात, माणसं दारातून आत येऊन उभी राहतात आणि आपली पाळी यायची वाट बघतात. 'द ग्रूसम टूसम' (१९६७) लांबीला कमी पडला तेव्हा त्याने विग ठेवायच्या दोन डोक्यांना तोंडं चिकटवून आपसात गप्पा मारायला लावल्या आणि तो तुकडा सुरुवातीला जोडला. 'ब्लड फीस्ट'बद्दल तो स्वतःच म्हणे की हा वॉल्ट व्हिटमनच्या कवितेसारखा आहे, चांगला नाही, पण आपल्या जातीतला पहिला आहे.

व्हिटमनवर अन्याय सोडला तर हे मूल्यमापन बरोबर आहे. 'वाईट म्हणूनच थोर' असली भक्ती आम्हाला पटत नाही. त्याची हुशारी कॅमेऱ्यामागे नव्हती, कॅमेरा लावायच्या आधी होती: कोण बघणार, कुठे बघणार, पोस्टरवर काय असणार आणि तेवढ्यात खर्च बसतो का.

१५. बायांनाच का कापतो तो? हे बघवत नाही.

बघवत नसेल तर बघू नका, त्यात कमीपणा नाही. आक्षेप खरा आहे. 'ब्लड फीस्ट'मध्ये बळी तरुण मुली, आणि आधी त्यांचं अंग दाखवायचं मग कापायचं, हा क्रम पुढच्या पन्नास वर्षांच्या स्लॅशर सिनेमाने, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याच्या भयपटांनी उचलला. 'द गोअर गोअर गर्ल्स' (१९७२) मध्ये तर क्लबात नाचणाऱ्या मुलींचे खून विनोद म्हणून येतात. खोटं रक्त इतकं खोटं आहे की कुणाला राग यायचं कारण नाही, असा बचाव चाहते करतात. तो अर्धाच आहे. रक्त खोटं असलं तरी पोस्टरवर विकलेली गोष्ट खरीच होती.

'शी-डेव्हिल्स ऑन व्हील्स' अपवाद म्हणून पुढे केला जातो. त्यात बायकांची टोळी पुरुषांना वठणीवर आणते, आणि लुईसने नट्या सोडून खरोखर मोटारसायकल चालवणाऱ्या बायका घेतल्या. सिनेमा मजेदार आहे. पण १९६८ मध्ये मोटारसायकलपटांची लाट होती हेही लक्षात ठेवा.

१६. तो तुरुंगात गेला होता हे खरं का? सिनेमामुळे?

तुरुंगात गेला हे खरं. सिनेमामुळे नाही. १९७० च्या दशकात दुसऱ्या धंद्यांतल्या फसवणुकीबद्दल तो दोषी ठरला आणि शिक्षा भोगली. चाहत्यांच्या लेखात हे एका ओळीत उरकतात किंवा गाळतात.

बाहेर आल्यावर तो पोस्टाने माल विकण्याच्या जाहिरातलेखनात मोठं नाव झाला. वीसेक पुस्तकं लिहिली, व्याख्यानं दिली. त्याला 'कॉपीरायटिंगचे गुरू' म्हणून ओळखणाऱ्या अनेकांना रक्तपटांची कल्पना नसे. तीस वर्षांच्या खंडानंतर २००२ मध्ये 'ब्लड फीस्ट २' घेऊन तो परत आला.

१७. पहिला रक्तपट त्याचाच का? जपानचा एक आधीचा आहे ना?

आहे. नोबुओ नाकागावाचा 'जिगोकू' १९६० चा, रंगीत, आणि त्यातल्या नरकात कातडी सोललेली माणसं दिसतात. त्याच वर्षी फ्रान्समध्ये जॉर्ज फ्रांजूने चेहऱ्याची कातडी काढण्याची शस्त्रक्रिया काळ्या-पांढऱ्यात दाखवली. त्याआधी १९५७ पासून इंग्लंडच्या हॅमर कंपनीचे रंगीत भयपट होतेच. तेव्हा 'जगातला पहिला' म्हणू नका. 'कापाकापी हाच एकमेव विक्रीचा माल ठेवलेला पहिला अमेरिकन सिनेमा' म्हणा, तेवढं टिकतं.

१८. आमच्या कॉलेजात दाखवता येईल का? घरी कायद्याने बघायचा तर?

घरी: ब्रिटनच्या अॅरो व्हिडिओने २०१६ मध्ये चौदा सिनेमांचा ब्लू-रे संच काढला. मागवण्याआधी प्लेअर तपासा. ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे रीजन (विभाग) केलेले आहेत. भारत सी रीजनमध्ये येतो, हा संच ए आणि बी साठीचा. साध्या प्लेअरवर डिस्क नाकारली जाते आणि लोकांना वाटतं डिस्क खराब आली. रीजन-फ्री प्लेअर लागतो. कस्टम ड्युटीचाही हिशेब धरा.

कॉलेजात: दोन वेगळ्या परवानग्या लागतात आणि लोक एकच घेतात. डिस्क विकत घेतल्याने फक्त घरी बघण्याचा हक्क मिळतो, म्हणून हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. दुसरं, सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ नुसार सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना कलम ९ खाली केंद्र सरकारकडून सूट मिळू शकते, ती आपोआप मिळत नाही, अर्ज आधी करावा लागतो. फिल्म सोसायटीमार्फत करणार असाल तर संलग्नतेचे नियम आधी वाचा.

आणखी एक अडचण कुणाच्या लक्षात येत नाही: आपल्याकडे अकरावी-बारावी त्याच आवारात असते आणि प्रथम वर्षातही सतरा वर्षांची मुलं असतात. दारावर ओळखपत्र बघूनच सोडा.

१९. रामसे बंधूंनी याचीच नक्कल केली का?

तसं म्हणता येत नाही. रामसेंचा 'दो गज जमीन के नीचे' १९७२ चा, म्हणजे लुईस थांबला त्या वर्षीचा. त्यांची जातकुळी हवेली, शाप, मंत्र, सैतान या वाटेची, हॅमरच्या जवळची. शिवाय सेन्सॉरमुळे त्यांना आतडी दाखवणं शक्यच नव्हतं. साम्य आहे ते धंद्याचं: घरचीच माणसं, थोडा पैसा, मोठ्या शहरांच्या मोठ्या थिएटरांवर न विसंबता छोट्या सेंटरवर वसुली.

लुईसचा थेट ठसा बघायचा तर अमेरिकेतच बघा. दिग्दर्शक जॉन वॉटर्सने १९७० च्या आपल्या सिनेमाच्या नावात 'मॅनिअॅक्स' ठेवलं ते याच्याच मानासाठी, आणि 'टेन थाउजंड मॅनिअॅक्स' या रॉक बँडचं नावही तिथूनच वळून आलेलं.

२०. याद्यांमध्ये त्याच्या सिनेमांची संख्या वेगवेगळी का? आणि 'मॉन्स्टर ए गो-गो' त्याचा धरायचा का?

संख्या हलते याचं एक कारण टोपणनावं. छायालेखक, संगीतकार, लेखक म्हणून 'शेल्डन सीमोर' वगैरे नावं श्रेयनामावलीत दिसतात, ती बहुतेक वेळा लुईसच असतो. माणसं कमी होती हे लपवायची ही जुनी युक्ती. दुसरं, काही सिनेमांत तो फक्त निर्माता आहे, जसं 'द प्राइम टाइम'.

'मॉन्स्टर ए गो-गो' (१९६५) हा खरा पेच. मूळ सिनेमा बिल रिबेनचा, पैसे संपल्यामुळे अर्धवट पडलेला. लुईसला स्वतःच्या 'मूनशाइन माउंटन'सोबत लावायला जोडीचा सिनेमा हवा होता (प्रश्न ११). त्याने ते रीळ विकत घेतलं, थोडं नवं शूटिंग केलं, निवेदन चिकटवलं आणि लावून टाकलं. शेवटी निवेदक सांगतो की राक्षस मुळात नव्हताच. यादी करताना तो रिबेनच्या नावापुढे लिहा, आणि लुईसच्या नावापुढे 'पुरा केला' एवढी नोंद करा.